पाच युनिट आणि आप्पा

४ मार्च, म्हसळा

बस रंगवून आली. पिवळ्याची पांढरी झाली, पण मागच्या दारावर 'शाळेची मुले, सावकाश' अजून पुसट दिसतं. सु. म्हणाली, राहू दे, खोटं नाही ते. आत खाट, ओटा, बेसिन आणि उजव्या अंगाला आप्पांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी चौकोनी खाच. सगळं तिने वहीत काढलेल्या मापाने. सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे प्रयोग मांडून दिले, निवृत्त झाल्यावर आता स्वतःचा मांडते आहे.

गाडी झाली. आता फक्त विजेची सोय.

'फक्त' हा शब्द मी लिहिला खरा.

५ मार्च

आप्पांचं एकदा नीट लिहून ठेवतो. सु.चे वडील, वय त्र्याऐंशी. माझे सासरे व्हायच्या आधी हायस्कुलात माझे संस्कृतचे मास्तर. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या भात पिकायचा, माझ्या डोक्यात संस्कृत पेरलं ते यांनी. शाळेत मला 'अरे' म्हणायचे, जावई झाल्यावर 'अहो'. रागावले की अजून 'अरे'.

रात्री मशीनशिवाय झोप नाही. म्हणून चार वर्षं घराबाहेर मुक्काम नाही, दिवे कुठे जातील त्याचा नेम नाही. पहिली नोकरी मुरूडजवळ नांदगावला. तिथला समुद्र पाहायचाय म्हणाले. सु. म्हणाली, जाऊन संध्याकाळी परत येऊ. "संध्याकाळचा नको. सकाळचा पाहायचाय."

म्हणजे मुक्काम. म्हणजे रात्र. म्हणजे सलग दहा तास मशीन.

डॉक्टरांनी हो म्हटलं, छोटा सिलिंडर सोबत ठेवायच्या अटीवर. तो तीन तास पुरतो. सु.ची अट त्याहून कडक. सिलिंडरला हात लावायची वेळ आली तर ती हरली, आणि आप्पांचं बाहेर पडणं कायमचं संपलं.

मी म्हटलं, यावर एक छान बातमी होईल. तालुका वार्ताहराला घरातच विषय.

"माझी बातमी करायची नाही. काही लिहायचंच असेल तर रोजनिशीत लिही."

लिहितो आहे.

९ मार्च

दिगंबर आला. सु.चा धाकटा भाऊ, उरणला कंटेनरच्या धंद्यात. पिकअपमध्ये डिझेल जनरेटर घालून थेट दारात.

"भावोजी, टेन्शन घ्यायचं नाय. ह्याच्यावर अख्खा थंडीचा कंटेनर चालतो. आप्पांचं मशीन म्हणजे किस झाड की पत्ती!"

उतरवायला चार माणसं. चालू केला तशी समोरच्या बिल्डिंगमधली मंडळी गॅलरीत आली. आप्पा आतून काहीतरी म्हणत होते, ऐकू येईना. बंद केल्यावर कळलं, "मळणी कोणाकडे आहे?" असं विचारत होते.

सु. धुराकडे बघत उभी. "दिग्या, खिडकीखाली हे आणि आत नाकाला नळी लावलेला माणूस?"

"लांब ठेव ना ताई. वायर लांब घे."

"घेते. आणि वाऱ्याला तू सांगून ठेव, कुठल्या बाजूने वाहायचं ते."

दिगंबर जेवून गेला. जनरेटर तसाच परत.

१० मार्च

पूर्वपक्ष माझा. मी जनरेटरवाला. जे आवाज करतं ते काम करतं अशी माझी श्रद्धा. बावीस वर्षं सभा-संमेलनांच्या बातम्या देऊनही ती टिकली आहे, म्हणजे ती श्रद्धाच. बॅटरी नुसती बसून असते. आत आहे की संपली, बाहेरून कळत नाही.

सु.चा उत्तरपक्ष चार ओळींचा. मशीन तिने मीटर लावून मोजलं. तासाला युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी. त्यात इन्व्हर्टर आपला वाटा खाणार, एक पंखा, एक दिवा. दहा तासांचे साडेतीन युनिट. गाठीला एक शिल्लक हवंच. तेव्हा साधारण पाच युनिटांची बॅटरी, टपावर दोन सोलर पॅनल.

शेवटी तह झाला. बॅगेएवढा, कमी आवाजाचा, पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घ्यायचा. फक्त दिवसा, गाडीपासून वीस पावलांवर, पॅनल कमी पडले तर बॅटरी भरायला.

"तो पाहुणा," सु. म्हणाली. "घर बॅटरी चालवणार."

पराभव झाला की नाही ते ठरवता येत नाही इतका सभ्य तह.

१६ मार्च, माणगावहून परत

बॅटरीचं दुकान. प्रश्न सु. विचारणार, उत्तरं दुकानदार मला देणार, असं अर्धा तास चाललं.

"चार ट्यूब्युलर बॅटऱ्या टाका साहेब. घराघरात त्याच आहेत."

सु. : "त्यातली अर्धीच वीज वापरायची ना? पूर्ण उतरवल्या तर लवकर मरतात."

"तसं काही नसतं साहेब."

"एकेक पंचावन्न-साठ किलोची. पाणी घालत बसायचं. आणि चार्ज होताना वायू सुटतो, तो झोपायच्या खोलीत."

"खिडकी उघडी ठेवायची साहेब."

मग मी म्हटलं, "मॅडमना सांगा. मला फक्त उचलायला आणलंय."

तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. तिने वही उघडली. दहा मिनिटांनी त्याने आतून स्टूल मागवलं, तिच्यासाठी. वीस मिनिटांनी स्वतःच्या घरच्या इन्व्हर्टरची तक्रार तिला सांगायला लागला. निघताना म्हणतो, "मॅडम, तुम्ही इंजिनियर का?"

"नाही. परीक्षानळ्या धुवायचे."

लिथियमची घेतली. चोवीस व्होल्ट, पाच युनिट, वजन चारांतल्या एकीहूनही कमी. शब्दप्रमाण दुकानदाराचं होतं, प्रत्यक्ष प्रमाण बायकोच्या वहीत. बाहेर आल्यावर छाती जरा जास्तच फुगली होती. बॅटरी उचलल्यावर जागेवर आली.

२ एप्रिल

जोडणी पूर्ण. खाटेखाली बॅटरी, लाकडी चौकटीत आवळून. प्रत्येक टोकाला ग्रीस, "खारी हवा लोखंडाला सोडत नाही, तांब्यालाही नाही." आकडा दाखवणारा छोटा पडदा ओट्याशेजारी. वहीच्या पहिल्या पानावर तिने लाल पेनाने लिहिलंय : सकाळी सहाला वीस टक्क्यांच्या खाली = नापास.

आप्पांनी ते वाचलं. काही बोलले नाहीत. सु.ने दहावीनंतर संस्कृत सोडून विज्ञान घेतलं, तेव्हापासून तिच्या अभ्यासाबद्दल ते काही बोलत नाहीत. चाळीस वर्षं होतील.

८ एप्रिल

अंगणातच पहिली चाचणी. आप्पा बसमध्ये झोपले, आम्ही घरात. सु. काही झोपली नाही, हे मला माहीत नाही असं ती समजते.

सकाळी सहा वाजता : २८%. पास.

आप्पांना विचारलं, झोप कशी लागली.

"मशीन चालू होतं का बॅटरीवर?"

"हो."

"मग लागली."

तेवढंच. सु. चहा टाकताना गुणगुणत होती.

२१ एप्रिल

सु. दोन दिवस श्रीवर्धनला, मावसबहिणीकडे लग्न. ती गेल्यावर इकडे आमसुलांचा प्रश्न. कोकमांची सालं मीठ घातलेल्या रसात बुचकळून झाली, वाळत घालायची तर अंगणात आंब्याची सावली.

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "अहो, बसचं टप बघा कसं तापलंय. त्या काळ्या फळ्यांवर तर पापड भाजेल."

शिष्य म्हटल्यावर शिडी लावली. प्लॅस्टिक अंथरून एका फळीच्या निम्म्यावर सालं पसरली. छान वाळताहेत. चार दिवसांचं काम दोन दिवसांत होईल. आप्पा खूश.

२३ एप्रिल

सु. परतली, बॅटरी बघितली, चेहरा उतरला. दुसऱ्या चाचणीसाठी तिने मुद्दाम घरच्या विजेची जोडणी काढून ठेवली होती, फक्त उन्हावर भरते का पाहायला. भरायला हवी होती नव्वदपर्यंत. ४६%.

आज दिवसभर वायरी तपासल्या. फ्यूज. प्रत्येक स्क्रू. मी चहा नेऊन दिला, तिने प्यायला नाही.

संध्याकाळी : "चुकलंच माझं. पावसाळ्याआधी आता दुसरं काही होणार नाही. दिग्याला फोन कर, म्हणावं तो मोठा जनरेटर घेऊन ये. नाहीतर जायलाच नको."

मी टपाकडे बघितलं. आमसुलं ती यायच्या आतच गोळा करून बरणीत भरली होती. दोन पॅनल, त्यातल्या एकाचं निम्मं, म्हणजे चौथा हिस्सा, त्याने असं कितीसं... हा माझा हिशेब. वरच्या वर्गात गणित सोडलेल्या माणसाचा.

२४ एप्रिल

सांगितलं. बरणी समोर ठेवली आणि सांगितलं.

सु.ने झाकण उघडून बरणीत बघितलं. "पॅनल ओळीने जोडलेत. फुगडीत एकीने हात सोडला की दोघी पडतात, तसं आहे ते. आणि मीठ? मिठाचं पाणी गळलं असेल त्याच्या जोडावर!"

वर चढली. कोमट पाण्याने धुतलं, फडक्याने टिपलं, जोड उघडून सुकवले. मी खाली बादली धरून. ती वरून हसायला लागली, थांबेचना. "मी म्हणते दोन दिवस ऊन कुठे जातंय! ऊन आमसुलांत!"

कोणाची कल्पना, ते मी सांगितलं नाही. खिडकीत आप्पा बसले होते, त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

वहीत नोंद पडली : 'चार्जिंग कमी. दोष बॅटरीचा नाही. कारण : आमसुलं. जबाबदार : हे.'

२७ एप्रिल

निव्वळ उन्हावर सकाळपासून दुपारी चारपर्यंत : ९३%. दिगंबरला फोन केला नाही. आमसुलं उत्तम झाली आहेत, पण घरात कोणी त्यांची स्तुती करत नाही.

१० मे, नांदगाव, संध्याकाळ

आलो. गाडी सु.ने चालवली. दिघीला जेट्टीवर उभे होतो तेव्हा तीन माणसं येऊन 'ड्रायव्हर कुठाय' विचारून गेली.

आजचा माझा पराक्रम मात्र लिहायलाच हवा.

दिघीहून आगरदांड्याला बोटीतून गाडी न्यायची. माझ्या आग्रहाने आणलेला छोटा जनरेटर मागे, शेजारी पाच लिटर पेट्रोलचा कॅन. बोटीवरच्या माणसाने दार उघडून वास घेतला.

"सुटं पेट्रोल न्हाय चालायचं."

"अहो, म्हातारा माणूस आहे आत. मशीनसाठी लागतं."

"साहेब, बोर्ड वाचा." मग माझ्याकडे निरखून : "तुमी वार्ताहर ना म्हसळ्याचे? तुमीच छापलं व्हतं, लोक कॅन घेऊन चढतात म्हणून. तवाच तर बोर्ड लागला."

खरं आहे. दोन वर्षांपूर्वी. चांगली बातमी झाली होती, कात्रण घरी आहे.

कॅन जेट्टीवरच्या टपरीत ठेवला. जनरेटरच्या टाकीतलं पेट्रोल एका मोटारसायकलवाल्याला दिलं, त्याने आनंदाने घेतलं. आत बसलेल्या आप्पांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "लेखणीत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं हो."

मुरूडला पंपावर थांबलो. तिथेही पाटी : बाटलीत व कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही. तेव्हा जनरेटर सोबत आहे, पण शोभेला. पूर्वपक्ष निरुत्तर.

मी सु.ला म्हटलं, परत फिरायचं का? ती आरशात आप्पांकडे बघत होती. ते खिडकीतून डोकं काढून रस्त्याकडेची नावं मोठ्याने वाचत होते, लहान पोरासारखे.

"पाच युनिट आहेत," ती म्हणाली. गाडी पुढे.

मुक्काम इक्बालभाईंच्या वाडीत. आप्पांच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थी, आता स्वतः बहात्तरीचा. वाडीत वीज नाही, पंप डिझेलवर. वाट बघत उभे होते. आप्पा उतरताच त्यांनी हात धरला आणि उभ्या उभ्या सुरू, "रामः रामौ रामाः, रामं रामौ रामान्..." सप्तमीपर्यंत न अडखळता. आप्पा कान देऊन ऐकत, चूक सापडायची वाट बघत. सापडली नाही.

"बस खाली," आप्पा म्हणाले. इक्बालभाई खरंच बसले.

मग गाडी कुठे लावायची. इक्बालभाई : "बाई, इथं माडाखाली घ्या. उन्हात सर तापतील."

सु. : "नको. गाडी उन्हात, सर सावलीत. आणि माड तर नकोच, नारळ पडला तर पॅनल गेला."

"आयुष्यात पयल्यांदा बघतोय, कोनी उन शोधत फिरतंय."

संध्याकाळी पाच वाजता : ९८%. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, इक्बालभाईंच्या घरून कालवण. आठला मशीन चालू. सिलिंडर खाटेशेजारी, सील न तोडलेला. सु.ने पडद्यावर फडकं टाकलंय, सारखं बघायचं नाही म्हणून. मी लिहीपर्यंत दोनदा उचलून बघितलं.

११ मे, सकाळ

६.०५ : २६%.

सिलिंडर तसाच. सील तसं.

रात्रीत काय झालं? काही नाही. एवढं सुंदर 'काही नाही' मी आजवर कुठल्या बातमीत दिलं नाही. मशीनची घरघर, पलीकडे समुद्र, आणि साडेपाचला आप्पांचा आवाज : "उठा रे, उजाडतंय."

पाण्याच्या कडेला खुर्ची मांडली. भरती उतरत होती. आप्पा नळी न लावता अर्धा तास बसले. एकदाच बोलले : "तिथे शाळा सुटली की मी पोहायचो. त्या खडकापर्यंत." खडक बराच लांब आहे. सु. वाळूत त्यांच्या पायाशी बसली होती. मी थोडा मागे राहिलो. दोघांच्या पाठी सारख्याच ताठ आहेत, हे लग्नाला इतकी वर्षं होऊन आज दिसलं.

११ मे, दुपारी तीन

लिहिण्यासारखं झालंय, म्हणून दिवसा लिहितो.

निघायचं ठरलं होतं अकराला. आप्पांनी सु.ची वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. मशीनचं मोजमाप, बॅटरीचा गुणाकार, चाचण्या, सगळं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, ते व्हायचंच. मग शाळेत वह्या तपासायचे तशी शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली, 'पाहिले' लिहून सही, तारीख.

सु.ला मी तीस वर्षं ओळखतो. तिचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

वही परत देताना म्हणाले, "चोवीस एप्रिलची नोंद अपुरी होती. पुरी केली आहे."

तिने पान उलटलं. 'जबाबदार : हे.' त्यापुढे आप्पांच्या वळणदार अक्षरात : 'व मी.'

मी समुद्राकडे बघू लागलो. सु. माझ्याकडे बघत होती. "एवढे दिवस बोलला नाहीस?"

"गुरूंचं नाव कसं घेणार?"

आणि 'पाहिले'च्या खाली आणखी एक ओळ आहे, ती तिला नंतर दिसली : 'आणखी एक रात्र?'

म्हणजे आता पुन्हा दहा तास. त्यासाठी सहापर्यंत बॅटरी ब्याण्णव टक्के हवी. सध्या ७१%. दुपारी थोडा वेळ मशीन लावलं, आणि बारानंतर पश्चिमेला ढग. सु. टपावर चढून पॅनल पुसते आहे, वाळू बसली आहे म्हणते. ब्याण्णव झालं नाही तर अंधाराआधी निघायचं, हे तिने आप्पांना सांगितलंय. त्यांनी मान्य केलंय. चेहऱ्याने नाही.

४.४०

८०%. ढग गेला, दुसरा आला.

इक्बालभाई आपल्या स्कूटरपाशी रबरी नळी घेऊन उभे. "बाई, अर्धा लिटर काढतो टाकीतनं. तुमचा जनरेटर तेवढ्यावर तासभर चालंल. भाईसाब, तुमी बोला ना."

माझा जीव जनरेटरसाठी तळमळतो आहे. आजचा त्याचा दिवस असू शकतो. मी तोंड उघडलं.

आप्पांनी खुर्चीतूनच हात वर केला, वर्गात करायचे तसा.

"थांब, इक्बाल. तिचा प्रयोग चालू आहे."

इक्बालभाईंनी नळी खाली ठेवली. आम्ही तिघे आता वर बघतोय, एकदा ढगाकडे, एकदा तिच्याकडे.

४.५५ : ८२%.